पाटी नसलेले यंत्र

हिंजवडी हे नाव आज कानी पडले की डोळ्यांसमोर काचेच्या उंच इमारती येतात, गळ्यात ओळखपत्र अडकवलेली तरुण मुले-मुली येतात आणि संध्याकाळी रस्त्यावर खोळंबलेल्या वाहनांची रांग येते. या चित्रामागे आणखी एक जुने चित्र आहे. पिंपरीस १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली आणि पिंपरी, चिंचवड, भोसरी या परिसरात मोठ्या कारखान्यांच्या सावलीत शेकडो लहान वर्कशॉप उभी राहिली. हिंजवडीचे शिवार त्या वेळी उसाचे आणि भाताचे होते. म्हातोबाच्या यात्रेला बगाड निघे तेव्हाच काय ती इथे गर्दी लोटत असे. माहिती तंत्रज्ञानाचे उद्यान आले ते विसाव्या शतकाच्या अगदी अखेरीस. भोसरी-पिंपरीला सायकलवरून कामावर जाणारा फिटर किंवा टर्नर तोपर्यंत इथल्या एखाद्या गुंठ्यावर पत्र्याचे घर बांधून राहिलेला असे.

आपल्या समाजातील कितीतरी कुटुंबे याच वाटेने इथे आली. श्रीरामपूर, राहाता, संगमनेर या भागातील धर्मग्रामांतून, विशेषतः १९७२ च्या दुष्काळानंतर, माणसे अंगावरच्या कपड्यांनिशी पिंपरीला उतरली. गावात त्यांना जमीन नव्हती. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे धर्मांतरित दलित ख्रिस्ती अनुसूचित जातींच्या सवलतींना मुकले होते. त्यामुळे सरकारी नोकरीची आशाही फारशी नव्हती. हाताला जे कौशल्य लागेल तेच भांडवल. ज्या एका यंत्राविषयी मी हे लिहीत आहे ते अशाच एका माणसाचे होते. तो माणूस आता देवाघरी गेला आहे. त्याचे नाव मी लिहीत नाही. त्याच्या पत्नीला मी मावशी म्हणतो, तेवढीच ओळख इथे पुरे.

मावशींच्या घरामागे पत्र्याची शेड आहे. त्यात एक जुने ड्रिल मशीन, कामगार ज्याला पिलर ड्रिल म्हणतात तसे, सहा-सात वर्षे गंजत पडले होते. खाली जड बीडाचे बूड, त्यावर उभा खांब, खांबावर वरखाली सरकणारे टेबल, आणि माथ्यावर पुली, पट्टा, स्पिंडल व चक. कोठेही कंपनीचे नाव नाही, आकडा नाही, देशाचे नाव नाही. मुलगा म्हणत होता की हे भंगारात घालावे आणि शेडची खोली करून भाड्याने द्यावी. त्याचे म्हणणे गैर नव्हते. हिंजवडीत दहा बाय बाराच्या खोलीला भाडेकरू एका दिवसात मिळतो, आणि मावशींच्या औषधांचा खर्च दर महिन्याला वाढतच होता. भंगारवाला वजनावर भाव सांगून गेला होता.

मावशींनी मात्र मला वेगळाच प्रश्न विचारला. "फादर, विकायचं का नाही ते पुढचं पुढं. आधी मला एवढंच कळू द्या, हे मशीन विलायती हाय का नाही?"

या प्रश्नामागची हकिकत अशी. यजमान एका लहान वर्कशॉपमध्ये सुमारे वीस वर्षे कामाला होते. नव्वदच्या दशकात ते वर्कशॉप बंद पडले. अकरा महिन्यांचा पगार थकला होता, शिवाय ग्रॅच्युइटी होती. मालकाने हिशेबाच्या दिवशी पैशांऐवजी हे यंत्र पुढे केले आणि सांगितले की मशीन विलायती आहे, तुझ्या सगळ्या येण्यापेक्षा त्याची किंमत जास्तच होईल. यजमानांनी कागदावर सही केली आणि टेम्पो करून यंत्र घरी आणले. पुढे वीस-बावीस वर्षे त्यांनी याच शेडमध्ये जॉबवर्क केले. गेट, खिडक्यांचे ग्रिल, उसाच्या ट्रॉलीच्या पट्ट्या आणि नंतर नव्या इमारतींच्या ठेकेदारांचे ब्रॅकेट यांना त्यांनी होल मारले. या यंत्रावर दोन मुलींची लग्ने झाली, मुलाचे शिक्षण झाले. तरीही मावशींच्या मनात एक काटा राहिलाच होता: आपल्या माणसाला त्या दिवशी न्याय मिळाला की त्याच्या गळ्यात भंगार बांधले गेले?

म्हणून यंत्राची ओळख पटवणे हे आमच्यासाठी कुतूहलापुरते काम उरले नाही. आमच्या धर्मग्रामात एका मोठ्या कारखान्याच्या टूलरूममधून निवृत्त झालेले एक काका आहेत. त्यांना मी बोलावले. सोबत आयटीआय पूर्ण करून तात्पुरत्या कामावर दिवस काढणारी दोन मुले आली. चार-पाच रविवारी, मिस्सानंतर, हे काम चालले. मी बहुतेक वेळ रॉकेलचे डबे आणि चिंध्या पुरवीत होतो आणि ऐकत होतो.

नाव नसलेल्या यंत्राची ओळख कशी पटवतात हे मी तिथे प्रथमच पाहिले. काकांनी आधी पाटीची जागा शोधली. नामांकित कारखाना आपले नाव एकतर ओतकामातच उठावदार घेतो, नाहीतर पितळेची पाटी रिव्हेट मारून बसवतो. पाटी पडली, चोरीला गेली, तरी रिव्हेटची दोन-चार बारीक भोके राहतात. रंगाचे तीन थर ओलसर करून, तोंडाला फडके बांधून, हळूहळू काढण्यात आले. जुन्या रंगात शिसे असू शकते, त्याची कोरडी धूळ उडू द्यायची नसते. खाली करडा, मग हिरवा, मग निळा. भोक एकही नव्हते. काका म्हणाले, "फादर, याची पाटी हरवलेली नाही. याला पाटी कधी नव्हतीच."

मग आटे पाहिले. काकांनी ही गोष्ट फार नेमकी समजावून दिली. यंत्राची घडण अमेरिकन वळणाची होती: मोटर माथ्याच्या मागे, चार पायऱ्यांच्या पुलीवर व्ही-पट्टा. अर्ध्या इंचाच्या अमेरिकन बोल्टला एका इंचात १३ आटे असतात आणि आट्याचा कोन ६० अंशांचा असतो. ब्रिटिश व्हिटवर्थ पद्धतीत त्याच बोल्टला १२ आटे असतात आणि कोन ५५ अंशांचा. जोसेफ व्हिटवर्थ यांनी ती पद्धत १८४१ साली मांडली आणि ब्रिटिशांबरोबर ती आपल्याकडे आली. बोल्ट पुढे कोणी बदललेला असू शकतो, म्हणून काकांनी बोल्ट बाजूला ठेवून बीडाच्या अंगातच पाडलेले आटे तपासले. ते १२ निघाले. आपल्या देशात वजन-मापांचा दशमान कायदा १९५६ साली झाला आणि पुढील काही वर्षांत मेट्रिक मापे लागू झाली. पण लहान वर्कशॉपमध्ये व्हिटवर्थचे टॅप आणि डाय त्यानंतरही बराच काळ चालत राहिले. म्हणजे अंगाने अमेरिकन आणि आट्याने ब्रिटिश असे हे यंत्र होते.

बेअरिंगवरचा आकडाही मुलांनी उत्साहाने वाचून दाखवला: ६२०५. शेवटच्या दोन अंकांना पाचाने गुणले की आतल्या भोकाचे माप मिळते, म्हणजे २५ मिलिमीटर. पण बेअरिंग हा झिजणारा आणि बदलला जाणारा भाग. त्यावरून यंत्राचे वय ठरवता येत नाही, असे सांगून काकांनी मुलांना थांबवले. साक्षीदार अनेक असले तरी प्रत्येकाची साक्ष कोणत्या बाबतीत ग्राह्य धरायची हे ठरवावे लागते. माझ्या सेमिनरीच्या दिवसांत पवित्र शास्त्राच्या जुन्या हस्तलिखितांविषयी आमचे प्राध्यापक हेच शिकवीत असत.

निर्णायक पुरावा मोजपट्टीने दिला. वितळलेले बीड साच्यात ओतले की थंड होताना आकसते, साधारणपणे शंभरास एक इतके. पॅटर्न करणारा कारागीर हे जाणून असतो आणि लाकडाचा पॅटर्न तेवढा मोठा करतो. परंतु कोणी परदेशी यंत्राचा सुटा भागच पॅटर्न म्हणून वाळूत दाबला आणि त्यावरून ओतकाम केले, तर निघणारी प्रत मुळापेक्षा तेवढ्याच प्रमाणात लहान होते. काकांनी जिथे यंत्रकाम झालेले नाही अशा ओबडधोबड कडा मोजल्या. बूड १८ इंचांऐवजी १७ इंच आणि १३ सोळांश निघाले. टेबल १२ इंचांऐवजी ११ इंच आणि ७ अष्टमांश. आणखी दोन ठिकाणी तेच प्रमाण. एका ठिकाणचा फरक योगायोग म्हणता आला असता, चार ठिकाणचा म्हणता येत नव्हता. हे यंत्र कोणा परदेशी यंत्रावरून आपल्याच देशात, एखाद्या लहान फाउंड्रीत ओतलेले होते. कोल्हापूर, राजकोट, बटाला अशा गावांत असे काम करणाऱ्या फाउंड्री होत्या. यांपैकी कोणत्या गावचे हे यंत्र, हे मात्र त्याच्या अंगावर लिहिलेले नाही.

ही नक्कल म्हणून तिच्याकडे तुच्छतेने पाहण्याचे कारण नाही. आपल्या यंत्रोद्योगाची सुरुवातच परदेशी वस्तू समोर ठेवून, ती उघडून, समजून घेऊन झाली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला तेव्हा लोखंडाने जमीन नासेल म्हणून शेतकरी तो घेईनात. १९१० साली औंध संस्थानच्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसली. १९४१ साली हरिहरला म्हैसूर किर्लोस्कर आली, १९५३ साली बंगळूरला एचएमटी आली. या मोठ्या नावांच्या अवतीभवती ज्यांची नावे कोठेच नाहीत असे मोल्डर, पॅटर्नमेकर आणि फिटर होते. पाटीशिवाय यंत्र घडवणारे ते हात आणि पाटीशिवाय ते चालवणारे हे हात एकाच घरचे म्हणायला हरकत नाही.

एवढे कळल्यावर माझ्यापुढे खरा पेच उभा राहिला. यंत्र विलायती नव्हते. मालकाने सांगितलेले खरे नव्हते. मावशींना काय सांगायचे? काकांपैकी एकाने सुचवले, "सांगून टाका विलायती आहे म्हणून. म्हाताऱ्या बाईला तेवढंच समाधान." या सूचनेत दया होती हे मी मान्य करतो. पण ज्या बाईने आयुष्यभर एका खोट्या शब्दाचा काटा बाळगला, तिला दुसरा खोटा शब्द मलम म्हणून देणे मला पटेना. मी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसलो आणि जे आढळले ते सर्व, आट्यांसकट आणि मापांसकट, सांगितले.

मावशी थोडा वेळ पदराशी चाळा करीत राहिल्या. मग म्हणाल्या, "त्यास्नी ठाऊकच असणार, फादर. वीस वर्षं लोखंडात काढल्याली. हात लावला की कळत असंल. पर माझ्याम्होरं कायम विलायतीच म्हनायचे. मला वाईट वाटू नये म्हनून." आणि काही वेळाने, "म्हंजी फसवलं तर फसवलंच त्यांना."

"होय मावशी," मी म्हणालो. "फसवलंच."

त्या रडल्या नाहीत. उलट त्यांचा चेहरा मोकळा झाल्यासारखा मला दिसला. अन्याय झाला होता हे कोणीतरी स्पष्ट शब्दांत म्हणावे एवढीच त्यांची अपेक्षा इतकी वर्षे राहिली होती, असे मला आता वाटते. त्या काळी लागू असलेल्या १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यानुसार मजुरी चलनी नाण्यांत किंवा नोटांत देणे बंधनकारक होते; यंत्र, माल किंवा आश्वासन हे वेतन नव्हे. १९७२ च्या कायद्याने पात्र कामगाराला सेवेच्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांच्या पगाराइतकी ग्रॅच्युइटी ठरवून दिली होती. यजमानांना हे सांगणारे त्या दिवशी कोणी नव्हते. हिशेबाच्या कागदावर सही करणाऱ्या हाताला वाचता येत होते, पण घरी पाच तोंडे होती.

संत याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात मजुरांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि ती ओरड परमेश्वराच्या कानी पोहोचते, अशा आशयाचे वचन आहे. ख्रिस्तसभेच्या परंपरेत मजुराचे वेतन बुडवणे हे स्वर्गाकडे दाद मागणाऱ्या पातकांत गणले गेले आहे. लिओ तेरावे यांनी १८९१ साली ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रात न्याय्य वेतनाचा प्रश्न मांडला. तरुणपणी क्राकूव्हजवळच्या दगडाच्या खाणीत आणि नंतर रासायनिक कारखान्यात राबलेले जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ साली ‘लाबोरेम एक्सेर्सेन्स’मध्ये भांडवलापेक्षा श्रम श्रेष्ठ, कारण श्रमामागे माणूस उभा असतो, हे तत्त्व पुन्हा ठामपणे सांगितले. आपण ही नावे धर्मशिक्षणाच्या वर्गात घेतो. पत्र्याच्या शेडमध्ये ती ऐकू येतात तेव्हा त्यांचा अर्थ अधिक जड वाटतो.

यंत्राच्या दुरुस्तीची हकिकत थोडक्यात सांगतो, कारण मावशींनीच नंतर म्हटले, "आता चालू तर करून बघा." लहान गंजलेले भाग मुलांनी प्लॅस्टिकच्या टबात धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात ठेवले, गंजलेला भाग बॅटरी चार्जरच्या ऋण टोकाला, जुना लोखंडी पत्रा धन टोकाला. धन टोकाला स्टेनलेस स्टील लावायचे नाही, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरते; आणि हे काम उघड्यावर करायचे, कारण हायड्रोजन वायू सुटतो. एका रात्रीत गंज सुटून काळी भुकटी झाली. खांब रॉकेलने आणि बारीक पॉलिश पेपरने साफ केला. मोटर पुन्हा भरून घेतली, बेअरिंग नवी घातली. जुना चक झिजला होता. तो असताना डायल गेजची सुई बारा घरे फिरत होती, म्हणजे शंभरांश मिलिमीटरच्या हिशेबाने ०.१२ मिलिमीटर. स्पिंडलचे टेपर पुसून नवा चक बसवल्यावर ती तीन घरांवर आली. काकांनी चष्मा काढून पुन्हा लावला आणि म्हणाले, "ज्याने हे बोअरिंग केलं तो माणूस कामाचा होता."

टेबलावर मात्र ड्रिल आरपार गेल्याचे काही अर्धवट खड्डे होते. मुले ते भरून काढायला निघाली. काकांनी नको म्हटले. कामात अडथळा न करणारा व्रण बुजवायचा नसतो. पट्ट्यावर मात्र पूर्वी कधीच नसलेले पत्र्याचे आवरण त्यांनी आवर्जून करवून घेतले. फिरत्या भागांना कुंपण असलेच पाहिजे हे १९४८ च्या कारखाने कायद्यानेच सांगितले होते, पण शेडपर्यंत कायदा क्वचितच पोहोचतो. नियमही त्यांनी मुलांकडून पाठ करून घेतले: हातमोजे घालायचे नाहीत, जॉब व्हाइसमध्ये पकडायचा, चकची चावी लगेच काढायची, साध्या पोलादात १० मिलिमीटरच्या ड्रिलला मिनिटाला सुमारे ८०० फेरे, ५ मिलिमीटरला सुमारे १६००, त्याप्रमाणे पट्टा योग्य पायरीवर घ्यायचा.

यंत्र चालू झाल्यावर भंगाराचा विषय आपोआप मागे पडला, असे मात्र झाले नाही. घरात दोन संध्याकाळ बोलणी झाली. शेवटी त्या दोन मुलांनी शेड यंत्रासह भाड्याने घेतली. खोलीला मिळाले असते त्यापेक्षा भाडे थोडे कमी आहे, आणि ते दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत मावशींच्या हाती रोख द्यायचे असे ठरले. ही तारखेची अट मावशींनी स्वतः घातली. मुलगा अजून पूर्ण खूश नाही. त्याला दोष देण्याचा अधिकार मला नाही, औषधांची बिले तोच भरतो.

मुलांना यंत्रावर एक पितळी पाटी लावायची होती. काय लिहायचे? घडवणाऱ्याचे नाव सापडले नव्हते. यजमानांचे नाव कोरावे असे सर्वांना वाटले. मावशी नको म्हणाल्या. "त्यांनी बनीवलं न्हाई, वापरलं. ज्यानं बनीवलं त्याचं नाव ठाऊक न्हाई तर न्हाई. दुसऱ्याच्या कामावर आपलं नाव कशाला?" इतका स्वच्छ न्याय मी क्वचितच ऐकला आहे. त्यांच्या माणसाच्या श्रमाचे मोल दुसऱ्याने लाटले होते. दुसऱ्याच्या श्रमावर आपली पाटी लावायला त्या तयार नव्हत्या.

शुभवर्तमानात संत योसेफाचा एकही शब्द नोंदलेला नाही. मार्कच्या शुभवर्तमानात गावकरी येशूला ज्या मूळ ग्रीक शब्दाने हिणवतात त्याचा अर्थ हाताने घडवणारा कारागीर असा आहे. नाझरेथच्या त्या कारागिरांनी केलेले एकही जू, एकही दार आज आपल्यापाशी नाही. त्यांवर नाव असते तरी ते उरले नसते. १९५५ साली पायस बारावे यांनी १ मे हा कामगार संत योसेफाचा सण म्हणून ठरवला. त्या दिवशी आपण वेदीसमोर अवजारे ठेवतो, त्यांवर आशीर्वाद मागतो. ते चांगलेच आहे. पण अवजाराला आशीर्वाद देणे सोपे आहे. ते चालवणाऱ्याचा हिशेब चोख ठेवणे अवघड आहे.

आपल्या धर्मग्रामातील अनेक कुटुंबे आज दुसऱ्या बाजूला आली आहेत. आपल्या घरी धुणीभांडी करणारी बाई येते, कोणाकडे चालक आहे, कोणी दोन-चार माणसे कामाला ठेवून लहानसा धंदा चालवतो. ज्यांच्या वडिलांचा पगार थकला होता, त्यांच्याच हातून आज पगार दिले जातात. प्रायश्चित्त संस्कारासाठी येताना आपण रागाचे आणि खोट्याचे हिशेब आठवतो. महिन्याच्या सात तारखेलाही न दिलेला पगार त्यात सहसा नसतो. आगाऊ रकमेपोटी गपचूप कापलेला दिवस नसतो. जुना फ्रिज किंवा मुलांचे वापरलेले कपडे देऊन भागवलेली दिवाळीही त्यात नसते.

मोडलेले यंत्र चार रविवारांत दुरुस्त करता येते. बुडालेली मजुरी तीस वर्षांनी दुरुस्त करता येत नाही. जिला ती मिळायची होती ती पिढी निघून जाते. म्हणून ती वेळेवर, पूर्ण आणि पैशांतच द्यावी. एवढे साधे वाक्य लिहिण्यासाठी मला एका ड्रिल मशीनची ओळख पटवावी लागली, याचे मला नवल वाटत नाही. परमेश्वर कधी झुडपातून बोलला, कधी गाढवीच्या मुखातून बोलला. बीडातून बोलणे त्याला जड नाही.